निविदेतच लागणारी आग

हडफडे येथील नाइट क्लबला ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्री लागलेल्या आगीत २५ जणांचे प्राण गेले. त्याआधी ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० नवजात अर्भके दगावली होती, आणि ८ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले होते. स्थळे निराळी, कारणे निराळी. परंतु आग विझल्यावर उठणारा कोलाहल एकच. चौकशी समिती नेमली जाते, नोटिसा निघतात आणि अग्निसुरक्षेची यंत्रणा बसविण्याचे हुकूम सुटतात. सार्वजनिक इमारतीत यंत्रणा बसवायची म्हणजे निविदा काढणे आले. ती निविदा कोण लिहितो आणि कशी लिहितो, याची चौकशी मात्र कोणी करीत नाही. आमच्या मते माणसे वाचणार की नाहीत, याचा निम्मा निकाल त्या कागदावरच लागून गेलेला असतो.

छताला बसविण्याच्या स्वयंचलित स्प्रिंकलरचेच उदाहरण घेऊ. त्याच्या तोटीत द्रवाने भरलेली काचेची लहानशी नळी असते. सामान्यतः ६८ अंश सेल्सियस उष्णतेला ती फुटते आणि पाणी वाहू लागते. सिनेमात दाखवतात तसा साऱ्या इमारतीत एकदम पाऊस पडत नाही. ज्या तोटीला आच लागली तीच उघडते. अग्निशामक दलाचा बंब वाटेत असतो, तेव्हा ही यंत्रणा आगीला जागच्या जागी रोखून धरते. मात्र त्यासाठी तोटीमागे पुरेसे पाणी आणि पुरेसा दाब हवा. निविदा चुकते ती नेमकी येथेच.

समजा, निविदेत एवढेच लिहिले आहे: ‘मानकांनुसार स्प्रिंकलर यंत्रणा पुरवून बसविणे.’ मध्यम धोक्याच्या जागी दर चौरस मीटरवर मिनिटाला ५ लिटर पाणी पडावे, आणि एका तोटीने फार तर १२ चौरस मीटर जागा सांभाळावी, असे मोजमाप रूढ आहे. म्हणजे एका तोटीला मिनिटाला ६० लिटर पाणी लागले. एकाच वेळी १८ तोट्या उघडतील असे धरले, तर तासाभरासाठी ६४,८०० लिटरची टाकी हवी. दुसऱ्या कंत्राटदाराने अर्धाच तास धरला, की त्याचे काम ३२,४०० लिटरांत भागते. वेळ निविदेने सांगितलेलीच नाही. तेव्हा दोघेही आपण अटी पाळल्या असे म्हणू शकतात. दर मात्र दुसऱ्याचा कमी, म्हणून काम त्याला. प्रामाणिक माणसाने पुरते पाणी धरले, हाच त्याचा अपराध! अशा निविदेत स्पर्धा कौशल्याची राहत नाही. काय काय गाळता येईल, याची होते.

म्हणून काही गोष्टी निविदेत नि:संदिग्ध शब्दांत आल्याच पाहिजेत. राष्ट्रीय इमारत संहिता आणि भारतीय मानक १५१०५ यांचा उल्लेख आवृत्तीच्या वर्षासह हवा. इमारतीचा कोणता भाग कोणत्या धोक्याच्या वर्गात मोडतो, पाणी किती घनतेने, किती क्षेत्रावर आणि किती वेळ पडावे, हे आकड्यांत हवे. पाण्याचा स्रोत, टाकीचे माप, मुख्य पंप आणि त्याला पर्यायी पंप यांची क्षमता नमूद हवी. पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसलेल्या आमच्या किनाऱ्यावर डिझेलवरचा पर्यायी पंप ही चैन नव्हे. खाऱ्या हवेत लोखंड किती लवकर गंजते हे येथील प्रत्येक घरमालक जाणतो. तेव्हा नळांचा प्रकार, जाडी आणि गंजरोधक लेप यांविषयी निविदेने मौन पाळता कामा नये.

कामाची हद्दही ठरलेली हवी. टाकी कोण बांधणार, पंपाची वीजजोडणी कोणाकडे, छत फोडल्यावर ते पूर्ववत कोण करणार, हे न लिहिल्यास काम अर्ध्यावर अडते आणि जादा बिलांची रांग लागते. नकाशे व पाण्याच्या दाबाचे गणित मंजूर झाल्याशिवाय नळ टांगू नयेत. काम संपल्यावर नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाबाने दोन तास चाचणी व्हावी, आणि ती अग्निशामक दलाच्या अधिकाऱ्यासमोर व्हावी. पुढील पाच वर्षांची देखभाल आणि इमारतीतील कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण यांचे दर मूळ निविदेतच मागवावेत. अन्यथा उद्घाटनाची फीत कापल्यावर पंपाची कळ दाबून पाहणाराही कोणी उरत नाही.

इतका तपशील दिला तर विशिष्ट कंपनीवर मेहेरनजर केल्याचा आरोप होईल, अशी सबब अधिकारी पुढे करतात. ती टिकणारी नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनीच वर्णन वस्तुनिष्ठ व मोजता येण्याजोगे असावे, आणि त्यात विशिष्ट व्यापारी नावाचा आग्रह नसावा, असे सांगितले आहे. मोजमाप द्यावे, नाव देऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. मेहेरनजरेला खरा वाव असतो तो मोघम निविदेत. कारण तेथे अर्थ लावण्याचा अधिकार साहेबांच्या मर्जीवर सोपवलेला असतो.

आमची मागणी साधी आहे. सार्वजनिक इमारतीच्या अग्निसुरक्षेची कोणतीही निविदा प्रसिद्ध होण्यापूर्वी जाणकार अभियंत्याने ती तपासावी आणि आपल्या सहीनिशी जबाबदारी घ्यावी. पालिका मंडळांच्या सदस्यांनीही केवळ दरांचा तक्ता न पाहता अटींची पाने वाचावीत. तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली सवय जुनी आहे. निदान यापुढे विहीर खणताना ती किती खोल हवी, हे तरी आधी लिहून ठेवावे.