गळका चित्रगुप्त

‘थोडीशी मेमरी गळते, त्यात काय एवढं!’ असं म्हणणाऱ्या संगणक-पंडितांना माझा एक नम्र सवाल आहे. तुमच्या बचत खात्यातून दर एन्ट्रीला चार-चार पैसे गळू लागले, तर काउंटरवर येऊन असंच म्हणाल का?

लिनक्सच्या बहुतेक संगणकांत जर्नलडी नावाचा एक कारकून असतो. कुठला प्रोग्रॅम केव्हा उठला, काय बोलला, कुठे आपटला, सगळं रोजकीर्दीत टिपणारा. चित्रगुप्तच म्हणा ना! जानेवारी २०१९ मध्ये क्वालिस कंपनीच्या तज्ज्ञांनी जाहीर केलं, की एखाद्या प्रोग्रॅमनं आपली आज्ञेची ओळ कित्येक मेगाबाइट लांब दिली, तर ती टिपताना हा चित्रगुप्त जागीच कोसळतो. कारण ती ओळ तो टेबलावरच्या बेताच्या जागेत, म्हणजे स्टॅकमध्ये, मांडायचा.

यावर उपाय निघाला. टेबल सोडायचं, गोदामातून, म्हणजे हीपमधून, जागा उचल घ्यायची आणि काम झालं की परत करायची. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ७ मध्ये हा उपाय बसवताना उचल घेणं लक्षात राहिलं, परतफेड राहून गेली! दर नोंदीला नवी उचल, वसुली शून्य. या गळतीला सीव्हीई-२०१९-३८१५ असा नंबर मिळाला आणि गांभीर्याचे दहापैकी ३.३ गुण. म्हणजे ‘सौम्य’!

सौम्य कसली? त्या संगणकावर साधं खातं असलेला कुणीही नोंदींचा मारा करून चित्रगुप्ताला पुन्हा आडवा करू शकत होता. म्हणजे औषधानं तोच रोग परत आणला. आणि चित्रगुप्त आडवा असेतो पापपुण्य लिहायचं कुणी?

मंडळी म्हणतील, सी भाषेत जागा घेणं नि सोडणं दोन्ही हातानं लिहावं लागतं, माणूस चुकायचाच. कबूल! म्हणून तर नावे टाकलं की जमा शोधा, हे बी.कॉम.ला आम्हाला घोकून घ्यावं लागलं. म्हणून तर बँकेत एन्ट्री करणारा वेगळा नि तपासणारा वेगळा. त्यातही चूक सुधारणारी एन्ट्री आली, की तपासणारा चष्मा पुसून बसतो. दुरुस्ती झाली म्हणून हुश्श करायचं नसतं. संशय तिथूनच सुरू करायचा असतो.

आमच्या सौभाग्यवतींना सी भाषा येत नाही. पण प्लंबरनं नळ दुरुस्त केला, की खाली कोरडी बादली ठेवून त्या पाच मिनिटं बघत बसतात. पैसे त्यानंतर.