हक्काच्या जेवणाला अर्जाची अट कशाला?

इंग्लंडमध्ये गरीब घरातल्या मुलांना शाळेत दुपारचे जेवण मोफत मिळते, पण आपोआप नाही. १९९६च्या शिक्षण कायद्यानुसार मुलाने किंवा त्याच्या वतीने कुणी मागणी करावी लागते. शिक्षण खात्याच्याच २०१३च्या अंदाजानुसार पात्र मुलांपैकी सुमारे ११ टक्के मुलांसाठी अशी मागणी झालेली नव्हती. अर्जाची वाट न पाहता पात्र मुलांची नोंद आपोआप व्हायला हवी.

गरज असेल तो अर्ज करेलच, हा आपोआप नोंदणीवरचा ठरलेला आक्षेप. अर्जात पालकाचे नाव, जन्मतारीख आणि नॅशनल इन्शुरन्स क्रमांक भरायचा असतो. पालिका तो तपशील सरकारच्या तपासणी प्रणालीत घालते आणि उत्तर मिळते ते सरकारी खात्यांकडे आधीपासून असलेल्या नोंदींतून. सरकारदरबारी जे नोंदलेले आहे तेच पुन्हा सरकारला कळवायचे, अशी ही अट आहे. इंग्रजीत अडखळणारी आई किंवा गरिबीचा शिक्का बसेल म्हणून कचरणारे घर नेमके तिथे अडते. पालकांनी हयगय केली असे मानले, तरी उपाशी राहते ते मूल.

सरसकट सगळ्यांना जेवण द्या म्हणजे नोंदणीचा प्रश्नच मिटेल, हे म्हणणेही अपुरे आहे. नोंदलेल्या प्रत्येक मुलामागे शाळेला ‘प्युपिल प्रीमियम’ हे जादा अनुदान मिळते. प्राथमिक शाळेसाठी २०२५-२६ मध्ये ते १,५१५ पौंड होते आणि एकदा नोंद झाली की पात्रता संपल्यावरही सहा वर्षे चालू राहते. सरकारी शाळांच्या पहिल्या तीन वर्गांत २०१४पासून सगळ्यांनाच जेवण मोफत आहे. लंडनमध्ये सप्टेंबर २०२३पासून सर्व प्राथमिक वर्गांत. ताट समोर येतेच, मग अर्ज कशाला भरायचा, असे पालकांना वाटणे स्वाभाविक आहे. मूल जेवते, पण त्याच्या शिक्षणासाठी ठेवलेला पैसा शाळेत येत नाही. गरीब वस्तीतल्या शाळेला ही झळ फार बसते.

आपोआप नोंदणीत घरची खासगी माहिती उघड होईल, या आक्षेपाला शेफील्डसारख्या पालिकांनी कामातून उत्तर दिले आहे. घरभाड्याच्या मदतीच्या आणि पालिका करातल्या सवलतीच्या नोंदी त्यांच्याकडे असतातच. त्या ताडून पात्र घरांना पत्र जाते: नोंद नको असेल तर अमुक तारखेपर्यंत कळवा. नकार आला नाही तर नोंद होते. मुलाची पात्रता कळण्यासाठी शाळेला घरच्या उत्पन्नाचा आकडा लागत नाही.

खर्च वाढेल, हे खरे. पण कायद्याने कबूल केलेले जेवण अर्जाअभावी वाचले, तर त्याला काटकसर म्हणता येणार नाही. तो मुलांच्या तोंडचा घास आहे.

मात्र ही नोंदणी पालिकांवर सोडून भागणार नाही. घरभाड्याची मदत हळूहळू ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ या केंद्राच्या एकत्रित मदतीत विलीन होत असल्याने पालिकांकडच्या याद्या तोकड्या पडत आहेत. सप्टेंबर २०२६पासून युनिव्हर्सल क्रेडिट घेणाऱ्या प्रत्येक घरातले मूल पात्र ठरेल, असे सरकारने जून २०२५मध्ये जाहीर केले. पात्रतेसाठीची वर्षाला ७,४०० पौंडांच्या कमाईची मर्यादा अशी गेली, की केंद्र सरकारला फक्त लाभार्थ्यांची यादी शाळांच्या पटाशी जुळवायची उरते. त्यासाठी कायद्यातली मागणीची अट काढायला हवी. सरकारी मदतीचा हक्क नसलेली स्थलांतरित कुटुंबे मात्र या यादीत सापडणार नाहीत. त्यांच्या मुलांसाठी अर्जाची वाट खुली ठेवावी आणि तो भरायला शाळेतच, त्यांच्या भाषेत मदत मिळावी.