दाराजवळची वाकळ

अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला. आता कार्तिक पौर्णिमेपर्यंत विहाराविहारांत कठीण चीवरदानाचे कार्यक्रम चालतील. पहाटे नळावर पाणी भरताना बोटे गारठू लागली, की थंडी जवळ आली म्हणून समजावे.

या दिवसांत आम्हाला विनयपिटकातला एक प्रसंग आठवतो. वैशालीच्या गोतमक चैत्यात, ऐन कडाक्याच्या थंडीत, तथागत रात्री उघड्यावर बसले. अंगावर एकच चीवर. पहिला याम सरता थंडी वाजली, तेव्हा दुसरे पांघरले. मधला याम सरता तिसरे, पहाटे चौथे. तेवढ्यावर थंडी भागली. मग त्यांनी भिक्षूंना तीन चीवरांची अनुमती दिली. त्यांतली संघाटी दुहेरी. म्हणजे थर चारच! दुसऱ्याला किती पांघरूण लागते, हे त्यांनी आधी स्वतःच्या अंगावर मोजले.

आणि आम्ही? गेल्या हिवाळ्यात आमची आई दाराजवळ झोपायची. एकच खोली, दाराखालून वारा यायचा. ती खोकली की आम्ही पडल्या पडल्या विचारायचो, "आई, औषध घेतलंस का गं?" ती म्हणायची, "घेतलं रे. झोप तू, सकाळी ड्यूटी आहे तुझी." एका रात्री पाणी प्यायला उठलो. आई गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिची वाकळ धाकट्याच्या अंगावर होती. औषधाची चौकशी रोज केली, पण पांघरुणाकडे एकदाही पाहिले नव्हते. आम्हाला आमचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून आई भिंतीकडे, दाराशी आम्ही. पत्नीने जुनी लुगडी काढली, मुलांनी सुईत दोरा ओवून दिला, आईने टाके घातले. कोणते लुगडे कधीचे, हे सांगता सांगता तिने आपली सगळी हयात सांगितली. मुले टीव्ही विसरून ऐकत बसली. आठ दिवसांत वाकळ झाली आणि मुलांना आजीही नव्याने कळली.

आता ६ डिसेंबर येईल. बाबासाहेबांना अभिवादन करायला गावोगावची माणसे चैत्यभूमीवर येतील, म्हातारीकोतारी शिवाजी पार्कात उघड्यावर रात्र काढतील. मुंबईकरांनी जमेल तेवढ्यांना घरी आणावे, चहा द्यावा, पाठ टेकायला जागा द्यावी.

पण सुरुवात घरापासून करू या. माता-भगिनींनो, बंधूंनो, आज दिवा मालवण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या पायांना हात लावून पाहा. गार लागले, तर आपले पांघरूण त्यांच्यावर घाला आणि घटकाभर उशाशी बसा.

जयभीम!