बीजाणूला शाखा नसते!

‘बॉटनीवाल्यांचा दगडांशी काय संबंध?’ असं कुणी विचारलंच, तर त्याला रेटिस्पोरा लेपिडोफायटा दाखवा. हा जमिनीवरच्या वनस्पतीचा बीजाणू वाऱ्यापाण्याबरोबर समुद्रात गेला, गाळात रुतला. कवच इतकं चिवट, की हायड्रोफ्लोरिक आम्लात खडक विरघळतो, हा उरतो! सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वी, डेव्होनियन काळ संपताना तो नाहीसा झाला. म्हणजे सागरी खडकात तो सापडला, की थर डेव्होनियनच्या अखेरचा. पण थांबा, जुन्या खडकातून सुटून नव्या गाळात आलेला बीजाणू फसवतोही. बीजाणू ओळखायला बॉटनी हवी, फसवणूक ओळखायला जिऑलॉजी. म्हणून विषय निवडताना ‘हे आपल्या शाखेचं नाही’ म्हणत दार लावून घेऊ नका. शेजारच्या डिपार्टमेंटमध्ये जरा डोकवा की!