मागची सीट

लंडनचे एक खूळ साठ वर्षांनी आमच्या मंठ्यास येऊन पोहोचले आहे. नाव कॅफे रेसर. १९६०च्या सुमारास तिकडची पोरे 'एस कॅफे' नावाच्या उपाहारगृहापाशी जमत आणि ताशी शंभर मैलांच्या हौसेपायी मोटारसायकलीवरचे ओझे उतरवीत. हँडल खाली, पाय ठेवायची जागा मागे, सीट एकट्यापुरती! आता पुतण्या दादांच्या जुन्या येझदीची तीच गत करणार म्हणतो.

इंजिन खोलावे, कार्ब्युरेटर धुवावा. नको कोण म्हणतो? पण गाडीचा मूळ घाट बदलणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ला चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली तसे बजावले आहे. शिवाय येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ सालीच बंद पडला. चासीचे मागचे टोक एकदा कापले की कापले.

आणि ती मागची सीट! तिच्यावर बसून वहिनींनी परतूरला कितीदा आगगाडी गाठली. जालन्याच्या दवाखान्यातून हे चिरंजीवही, आठ दिवसांचे, वहिनींच्या मांडीवर त्याच सीटवरून घरी आले.

"पोरा, तू तुझीच जागा कापतो आहेस," एवढेच मी म्हणालो.

कटर अजून पिशवीतच आहे.