आल्या नाहीत, की टिकू दिलं नाही?

कॉम्प्युटर गेमिंगमधल्या स्त्री-पुरुष विषमतेचा विषय निघाला की तीन आक्षेप ठरलेले असतात. बायकांना या खेळांची मुळात आवडच नसते, हा पहिला. खेळात कसब तेवढं चालतं, पलीकडे बाई आहे की पुरुष हे कोण बघतो, हा दुसरा. आणि शिवीगाळ सगळ्यांच्याच वाट्याला येते, स्त्रीवाद्यांनी उगाच खेळात राजकारण आणू नये, हा तिसरा. तिन्ही नीट तपासले तर एकही टिकत नाही.

आवड नव्हती, तर हे खेळ घडवण्यात बायका सुरुवातीपासून कशा? 1980 साली रॉबर्टा विल्यम्स यांनी ‘मिस्टरी हाऊस’ रचला आणि केवळ मजकुरावर चालणाऱ्या साहसी खेळांना चित्रांची जोड मिळाली. कॅरल शॉ यांचा 1982चा ‘रिव्हर रेड’ तर जवळून पाहण्यासारखा आहे. अटारीच्या कार्ट्रिजमध्ये त्यांना जागा होती अवघी 4 किलोबाइट. लांबच लांब नदी, तिची वळणं, बेटं आणि पूल एवढ्यात साठवणं शक्यच नव्हतं. मग शॉ यांनी नदी साठवलीच नाही. एका आकड्यावरून पुढचा आकडा काढत जाणारं गणित त्यांनी प्रोग्राममध्ये बसवलं. विमान पुढे सरकेल तशी नदी तयार होत जाते, आणि प्रत्येक डावात अगदी तीच नदी तयार होते.

मग मुली मागे का पडल्या? 1983मध्ये अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. त्यानंतर निन्टेन्डोने आपला कन्सोल खेळण्यांच्या दुकानांतून विकला. तिथे मुलांची आणि मुलींची खेळणी वेगवेगळी मांडलेली असत. जाहिरातींचा रोखही मुलांकडे वळत गेला. 1989मध्ये आलेल्या हातातल्या यंत्राचं नावच ‘गेम बॉय’. वर्षानुवर्षं मुलींना बोलवायचंच नाही आणि पुढे त्यांच्या गैरहजेरीला ‘आवड नाही’ म्हणायचं, ही शुद्ध दिशाभूल आहे. 2000 साली ‘द सिम्स’ आला तेव्हा बायका मोठ्या संख्येने खेळायला आल्याच.

आता कसबाचा मुद्दा. 2016मध्ये दक्षिण कोरियात ‘गेगुरी’ या नावाने ‘ओव्हरवॉच’ खेळणारी किम से-यॉन ही 17 वर्षांची मुलगी इतकी सरस ठरली की, ती नेम धरून देणारं सॉफ्टवेअर वापरते असा आरोप प्रतिस्पर्ध्यांनी केला. खेळ बनवणाऱ्या कंपनीने निर्वाळा दिला तरी संशय मिटेना. शेवटी एका स्टुडिओत, माउसवरच्या हातावर कॅमेरा रोखलेला असताना, तिला सगळ्यांदेखत खेळून दाखवावं लागलं. आरोप साफ खोटा निघाला. 2018मध्ये ती ‘शांघाय ड्रॅगन्स’ संघात गेली आणि ओव्हरवॉच लीगमधली पहिली स्त्री खेळाडू ठरली.

चांगल्या पुरुष खेळाडूंवरही असे आरोप होतात, हे खरं. पण बाई असल्याचं आवाजावरून कळताच सुरू होणारी शेरेबाजी त्यांच्या वाट्याला येत नाही. ती टाळायला अनेकजणी माइक बंद ठेवतात. सांघिक खेळात शत्रू कुठे दडलाय हे साथीदारांना बोलूनच सांगायचं असतं. जिला तोंड मिटून खेळावं लागतं, तिचं कसब पुरतं पणाला लागतच नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत घातक आहे. हरलेल्या खेळाडूला मिळालेली शिवी बहुधा डावाबरोबर संपते. बोलणाऱ्या बाईचा छळ मात्र डावाबाहेरही सुरू राहतो. अनिता सार्कीझियन यांनी 2012मध्ये खेळांतल्या स्त्रीपात्रांवर चिकित्सक व्हिडिओ करायला लोकवर्गणी मागितली, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर माराचे वळ उमटवण्याचा एक खेळच कुणीतरी तयार केला. 2014मध्ये गेमिंगमधल्या स्त्रियांना लक्ष्य करणारी ‘गेमरगेट’ ही ऑनलाइन छळमोहीम पेटलेली असताना यूटा स्टेट विद्यापीठातल्या त्यांच्या व्याख्यानाआधी सामूहिक हत्येची धमकी आली आणि व्याख्यान रद्द झालं. आवडत्या कलाकृतीचीही चिकित्सा करता येते, असं सांगणाऱ्या बाईच्या वाट्याला हे आलं. कादंबरी आणि सिनेमा चिकित्सेने मेले नाहीत. गेमही मरणार नाहीत.

मग हवं तरी काय? पहिली गोष्ट, कामाच्या जागी न्याय. लैंगिक भेदभावाच्या दाव्यात ‘रायट गेम्स’ या गेम कंपनीने 2021मध्ये 10 कोटी डॉलरची तडजोड मान्य केली, त्यावरून दुखणं किती खोल आहे ते कळतं. दुसरी, पडद्यावर जागा. 2014मध्ये ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’च्या सांघिक खेळात स्त्रीपात्र नव्हतं, काम फार वाढलं असतं, असं कारण तो बनवणाऱ्या युबिसॉफ्टकडून पुढे आलं. त्याच मालिकेवर पूर्वी काम केलेल्या जोनाथन कूपर यांनी ते एक-दोन दिवसांचं काम असल्याचं जाहीरपणे सांगितलं. तिसरी, तक्रारीवर तातडीने कारवाई. चौथी, 2021मध्ये सुरू झालेल्या ‘व्हॅलोरंट गेम चेंजर्स’सारख्या, स्त्रियांना वाव देणाऱ्या स्पर्धा. त्यांना सवलत म्हणून हिणवू नये. निर्धास्त सराव मिळाला तरच मुख्य स्पर्धेची तयारी होते.

जिंकणं-हरणं कसबावरच ठरावं, हे आक्षेप घेणाऱ्यांचं तत्त्व मला पूर्ण मान्य आहे. स्त्रीवादी मागणीही तीच आहे. हे तत्त्व खरोखर मानणाऱ्याने, टीममधल्या मुलीवर कुणी घसरला, तर गप्प बसू नये. तिथल्या तिथे त्याला अडवावं आणि तक्रार स्वतः नोंदवावी.