नोकरीची नोटॅक्सी

"लूकअहेड कशाला? वाचणाऱ्याला त्रास. सरळ बॅकस्लॅश-बी लावा की!" कोड रिव्ह्यूमध्ये हा सल्ला इतक्यांदा ऐकलाय की आता उत्तर लिहूनच टाकतो. इंग्रजी मजकुराला तो बहुतेकदा चालतो. मराठीला नाही.

समजा, मजकुरातला 'कर' काढून 'टॅक्स' घालायचाय. पायथॉन ३ च्या 'री' मॉड्यूलमध्ये दोन्ही बाजूंना बॅकस्लॅश-बी लावून चालवून बघा. 'अर्ज करा'चं होतं 'अर्ज टॅक्सा'. नोकरीची नोटॅक्सी, भाकरीची भाटॅक्सी. हसताय? हेच आडनावांच्या यादीवर चालवा. गावस्करांचे गावस्टॅक्स होतात, वाडेकरांचे वाडेटॅक्स. तेंडुलकर तेवढे वाचतात, कारण तिथे 'क'च्या आधी पूर्ण 'ल' आहे. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांना पायथॉन अक्षर मानतच नाही. ती आली की त्याच्या लेखी शब्द संपला! युनिकोडचं यूटीएस १८ सांगतं की ही चिन्हं शब्दाचाच भाग धरा, आणि पर्ल ती धरतंही. जावास्क्रिप्टची तऱ्हा वेगळी. तिथे बॅकस्लॅश-बीला देवनागरी शब्दच दिसत नाही, त्यामुळे एकही 'कर' सापडत नाही.

दुसरे पंडित म्हणतात, चौकटी कंसात टोपी घाला: कर[^ा-्]. अहो, हा कंस पुढचं एक अक्षर गिळतो. 'कर भरा'चं 'टॅक्सभरा' होतं, आणि मजकुराच्या अगदी शेवटी आलेला 'कर' सुटतो, कारण गिळायला पुढे काही नाही.

कर(?![ा-्]) नुसतं डोकावतं, खात काही नाही. पण एवढ्यानेही 'करणे'तला 'कर' सापडतोच. म्हणून मी नकारात फक्त मात्रा न ठेवता देवनागरीची अख्खी रांग ठेवतो, हेक्स ९०० ते ९७एफ. पुढे लूकअहेड, मागे लूकबिहाइंड. पुढे बघणं पर्ल ५ मध्ये १९९४ पासून आहे. जावास्क्रिप्टच्या प्रमाणात मागे बघणं यायला २०१८ उजाडलं. वाचायला अवघड? वर एक ओळ कॉमेंट लिहा.

'करात सवलत' यातून सुटेल, त्याला प्रत्ययांची यादी वेगळी द्यावी लागते. आणि 'तू काम कर' मात्र 'तू काम टॅक्स' होणारच. तिथे माणूस बसवा.